सोजर्नर ट्रुथ यांचे वय 105 नव्हते
अमेरिकेत मिशिगन राज्यातील बॅटल क्रीक येथे, गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या कृष्णवर्णीय कार्यकर्त्या सोजर्नर ट्रुथ यांच्या समाधिशिळेवर ‘वय सुमारे 105 वर्षे’ असे कोरलेले आहे. हा आकडा चुकीचा आहे. 1850 साली प्रसिद्ध झालेल्या, त्यांनीच सांगून लिहवून घेतलेल्या आत्मकथनात जन्म 1797 ते 1800 दरम्यानचा दिला आहे, त्यामुळे 26 नोव्हेंबर 1883 रोजी मृत्यूसमयी त्या फार तर 86 वर्षांच्या होत्या. उतारवयात त्या स्वतःही शंभरी ओलांडल्याचे सांगत, हे खरे. परंतु न्यूयॉर्क राज्यात गुलामगिरीत जन्मलेल्या आणि साधारण नवव्या वर्षी मेंढ्यांसह 100 डॉलरला विकल्या गेलेल्या मुलीची जन्मतारीख कोणी जपलीच नव्हती, म्हणून त्यांना लबाड ठरवणे मला अन्यायाचे वाटते. ऐंशी ओलांडल्यावरही त्यांनी मिशिगनच्या विधिमंडळासमोर फाशीच्या शिक्षेविरुद्ध भाषण केले होते.