आपले अ‍ॅप कोणकोणत्या ब्राउझरवर चालणार?
(जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

ब्राउझरमध्ये चालणारे अ‍ॅप बनवण्याचे काम ठरवताना ग्राहकांची पहिली अट असते, "सगळ्या ब्राउझरवर चाललं पाहिजे." अट योग्य आहे, पण ब्राउझरची नावे मोजत बसू नका, आतले इंजिन, म्हणजे पान वाचून स्क्रीनवर दाखवणारा भाग, पाहा. क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह आणि सॅमसंग इंटरनेट या सगळ्यांत (आयफोन सोडून) ब्लिंक हे एकच इंजिन आहे. सफारीत वेबकिट, फायरफॉक्समध्ये गेको. म्हणून आम्ही प्रत्येक स्क्रीन या तीन इंजिनांवर तपासतो. इंटरनेट एक्सप्लोररसाठी काम घेत नाही. मायक्रोसॉफ्टने तो जून 2022 मध्येच बंद केला.

"फक्त क्रोमवर चालवा, खर्च वाचेल" असेही काहीजण सुचवतात. आमचा याला विरोध आहे. आपल्याकडच्या आयफोनवर क्रोम टाकले तरी आत वेबकिटच असते, म्हणजे आयफोनवाल्या गिऱ्हाइकाला "क्रोममध्ये उघडा" सांगून उपयोग नाही.

सर्वांत जास्त अडचणीही आयफोनवरच येतात. अर्धवट भरलेली काटापट्टी (वजन-भावाची नोंद) फक्त ब्राउझरच्या साठ्यात ठेवली आणि सफारी वापरात असूनही सात दिवस ते अ‍ॅप उघडले नाही, तर सफारी तो साठा पुसून टाकते. रावेर-सावद्याच्या केळी व्यापाऱ्याची आठवड्यापूर्वीची कच्ची नोंद अशीच जाऊ शकते. म्हणून नोंद आम्ही लगेच सर्व्हरवर पाठवतो. रेंज नसेल तेव्हाच फोनवर ठेवतो आणि "अजून पाठवलेली नाही" अशी लाल सूचना स्क्रीनवर दाखवतो. दुसरे, चौकटीतली अक्षरे 16 पिक्सेलपेक्षा लहान असली की आयफोन टाइप करताना स्क्रीन आपोआप मोठी करतो आणि बटण बाजूला जाते. तिसरे, तारीख आणि वेळ यांच्यामध्ये नुसती मोकळी जागा सोडून लिहिले तर जुन्या सफारीला ती तारीख कळत नाही. मध्ये इंग्रजी टी (T) हे अक्षर लागते.

तारखेवरून आणखी एक. ब्राउझरची भाषा अमेरिकन इंग्रजी असेल तर तारखेच्या चौकटीत महिना आधी दिसतो. 5 जूनची काटापट्टी 6 मे म्हणून वाचली गेली की भावाचा वाद ठरलेलाच. त्यामुळे छापील पट्टीवर आम्ही महिना अक्षरात लिहितो. देवनागरी अंकांचेही तसेच: दिवाणजींनी "१२" टाइप केले तर जावास्क्रिप्ट (ब्राउझरमध्ये चालणारी प्रोग्रॅमिंग भाषा) त्याला आकडा मानत नाही. हिशोबाआधी ते अंक बदलून घ्यावे लागतात, आणि ते आम्ही करतो.

वजनकाटा थेट अ‍ॅपला जोडायचा असेल तर मात्र सगळे ब्राउझर चालवण्याचा आग्रह सोडा. सिरीयल पोर्टमधून (काट्याची केबल जोडायच्या जागेतून) वजन वाचण्याची सोय संगणकावरच्या क्रोम आणि एजमध्ये आवृत्ती 89 पासून आहे; सफारीत नाही. अ‍ॅपचा पत्ता एचटीटीपीएसने (https) सुरू होणारा, म्हणजे सुरक्षित असावा लागतो, आणि पहिल्यांदा पोर्ट स्वतः क्लिक करून निवडावा लागतो. स्क्रीनवर चित्रविचित्र अक्षरे आली तर आधी बॉड रेट (माहिती पाठवण्याचा वेग) पाहा: काटा 2400 वर आणि अ‍ॅप 9600 वर असेल तर असेच होते. जिनिंग किंवा सराफी दुकानात काट्याचा संगणक एकच असतो, त्यावर क्रोम ठरवून टाकावे. बाकी ठिकाणी वजन हाताने भरायची चौकट आम्ही कायम ठेवतो.

विंडोज 7 च्या संगणकावर क्रोम 109 च्या पुढे जात नाही. नव्या पद्धतीने एकात एक लिहिलेले सजावटीचे नियम 112 च्या आधीच्या क्रोमला समजत नाहीत आणि पान विस्कटते. आम्ही ते नियम जुन्या पद्धतीत रूपांतरित करून देतो, म्हणून बिल निघेल. पण सुरक्षेची दुरुस्ती मिळत नसल्याने त्या संगणकावर बँकेचे व्यवहार करू नका.

बिल प्रत्येक ब्राउझरमधून वेगळे छापले जाते, म्हणून पीडीएफ आम्ही सर्व्हरवरच बनवतो. 80 मिमी रोलवर छापताना मार्जिन "नन" ठेवा, हेडर-फूटर बंद करा आणि स्केल 100 असू द्या. "फिट टू पेज" निवडले की अक्षरे बारीक होतात.

तक्रार कळवताना पूर्ण स्क्रीनचा फोटो आणि ब्राउझरची (आयफोन असेल तर आयओएसची) आवृत्ती पाठवा. क्रोममध्ये ती तीन टिंबे, सेटिंग्ज, मग "अबाउट क्रोम" इथे दिसते. आयफोनवर सेटिंग्ज, जनरल, अबाउट इथे. "चालत नाही" एवढेच कळवले तर तीच अडचण आमच्याकडे पुन्हा घडवून पाहण्यातच दिवस जातो.