आयसी बदलण्याआधी व्हीसीसी पिनपाशी बघा
आमचं पॉवर कंट्रोलर किट वापरणाऱ्यांसाठी

"कंट्रोलर पुन्हा उडाला, आयसी खराब दिलात" असा निरोप आला की आमचा प्रश्न ठरलेला असतो : व्हीसीसीचा, म्हणजे आयसीला वीजपुरवठा मिळतो त्या पिनचा, सिरॅमिक कॅपॅसिटर कुठे बसवलाय? उत्तरही ठरलेलं. "बोर्डावर आहे की!" असतोच. फक्त आयसीपासून दोन बोटं लांब असतो, आणि बहुतेक वेळा दुखणं तिथंच निघतं.

मल्टिमीटर पुरवठ्याचे १८ व्होल्ट अगदी स्थिर दाखवेल, त्यावर जाऊ नका. मॉस्फेटचं (लोड चालू-बंद करणाऱ्या ट्रान्झिस्टरचं) गेट, म्हणजे त्याचा नियंत्रणाचा पाय, भरताना कंट्रोलर काही नॅनोसेकंदांत अँपिअरभर करंट ओढतो. ट्रॅकच्या दर मिलिमीटरला साधारण १ नॅनोहेन्री इंडक्टन्स (करंटमधल्या बदलाला होणारा विरोध) धरा. कॅपॅसिटरपासून आयसीपर्यंत जाऊन-येऊन ३० मिलिमीटर वाट झाली आणि १ अँपिअर १० नॅनोसेकंदांत बदलला, की ३ व्होल्ट तयार. करंट चढताना पिनवरचा व्होल्टेज तेवढा खचतो, तुटताना तेवढाच उसळतो. आयसीची कमाल मर्यादा २० व्होल्ट असेल तर १८ अधिक ३ किती, हे सांगायला नको.

'जाऊन-येऊन' म्हटलं त्यातल्या 'येऊन'कडे सगळे काणाडोळा करतात. कॅपॅसिटरचा एक पाय व्हीसीसीला अगदी खेटून, आणि दुसरा जिथं तांबं दिसेल तिथं टेकवलेला. ते तांबं नेमकं मॉस्फेटच्या सोर्सचं, म्हणजे लोडचा करंट बाहेर पडतो त्या पायाचं निघतं. मग लोडच्या करंटची सगळी घाण थेट आयसीच्या पुरवठ्यात. दुसरा पाय आधी आयसीच्या ग्राउंड पिनला न्या, आणि तिथून एकाच ठिकाणी पॉवर ग्राउंडला जोडा. एवढं केलं की निम्म्या तक्रारी आमच्यापर्यंत पोचणारच नाहीत.

लांबचा कॅपॅसिटर मोठा करून भागत नाही. ४७० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक सावकाश चढउतार सांभाळतो. नॅनोसेकंदांच्या खेळात त्याचा स्वतःचा रोध आणि पायांचा इंडक्टन्स आड येतो. तो हवाच, पण पिनजवळच्या १ मायक्रोफॅरडच्या जोडीला. हा १ मायक्रोफॅरड एक्स७आर (तापमानानं क्षमता फारशी न बदलणारा सिरॅमिक प्रकार), ५० व्होल्टचाच घ्या. २५ व्होल्टचा बारका नग १८ व्होल्टवर बरीचशी क्षमता गमावून बसतो.

किटमधला १० ओहमचा रेझिस्टर सप्लाय आणि त्या कॅपॅसिटरच्या मध्ये येतो. "व्होल्टेज पडतो" म्हणून बरेच जण तिथं तार टाकतात. हिशोब करून बघा : ५० नॅनोकूलंबचं गेट १०० किलोहर्ट्झला चालवलं तर ५ मिलिअँपिअर, आयसीचे स्वतःचे ५ धरले तरी पडतो ०.१ व्होल्ट. बदल्यात १६ किलोहर्ट्झच्या वरचा सप्लायचा गोंगाट दबत जातो. बिल फुगवायला आम्ही रेझिस्टर घालत नाही हो, तो सगळ्यात स्वस्त सुटा भाग आहे.

टीव्हीएसबद्दलही, म्हणजे व्होल्टेजची उसळी अडवणाऱ्या डायोडबद्दलही विचारणा होते. १८ व्होल्टचा टीव्हीएस पूर्ण करंटला २९ व्होल्टांच्या आसपास अडवतो. २० व्होल्टच्या आयसीला त्याचा आधार कसला? त्याची जागा बोर्डाच्या इनपुटला. लांब तारांनी चालू सप्लाय जोडताना फक्त सिरॅमिक कॅपॅसिटर असतील तर व्होल्टेज जवळपास दुप्पट उसळू शकतो, तिथं टीव्हीएस आणि इलेक्ट्रोलिटिक दोन्ही ठेवा.

ऑसिलोस्कोपचे फोटो पाठवता, चांगलं आहे. पण प्रोबची लांब ग्राउंड वायर आणि मगरचिमटा काढून छोटी स्प्रिंग लावा, टोक थेट व्हीसीसी आणि ग्राउंड पिनवर टेकवा. नाहीतर त्या वायरनं हवेतून उचललेला स्पाइकच आपण दोघं तपासत बसतो.

आयसी बदलून देण्याआधी आम्ही बोर्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो मागतो, त्यात अविश्वास नाही. त्याच जागी नवा आयसी लावला तर तोही जाणार, आणि तुमचा आठवडा फुकट. किट घेतलेल्यांचा लेआउट बोर्ड छपाईला जाण्याआधी आम्ही मोफत बघून देतो. ज्यांना यात पडायचंच नाही त्यांच्यासाठी कॅपॅसिटर आणि रेझिस्टर आयसीला खेटून बसवलेलं तयार मॉड्यूल आहे. पिनांची रचना किटसारखीच, त्यामुळे बाकीचं सर्किट बदलावं लागत नाही.