रवा पयाला! खंजिरीवर दिसणारा आवाज

विदर्भातल्या गावात भजनी मंडळ असतेच, आणि तुकडोजी महाराजांच्या या मुलखात मंडळाकडे खंजिरी नसली तरच नवल. ध्वनीचा धडा शिकवायला याहून स्वस्त प्रयोगशाळा सापडणार नाही. खंजिरी आडवी धरायची, कातड्यावर चिमूटभर बारीक रवा भुरभुरायचा, खाली ब्लूटूथ स्पीकर ठेवायचा आणि मोबाइलवरच्या टोन जनरेटर अ‍ॅपमधून एकच सूर हळूहळू चढवत न्यायचा. बराच वेळ काहीच होत नाही. मग एका ठरावीक सुराला रवा एकदम उसळतो आणि चहूबाजूंनी कडेला जाऊन बसतो. मागच्या बाकावरून आवाज येतो, "सर, रवा पयाला!"

सूर आणखी चढवा. स्पीकर मधोमध असेल, तर रवा पहिल्यांदा उसळला त्या वारंवारतेच्या (सेकंदाला होणाऱ्या कंपनांच्या) साधारण २.३ पटीला कातड्यावर एक गोल कडे उमटते. तोच स्पीकर थोडा बाजूला सरकवला, तर त्याआधीच, १.६ पटीच्या आसपास, रव्याची आडवी रेघ तयार होते. कातडे सगळीकडे सारखे ताणलेले नसते, त्यामुळे कडे जरा वाकडेच येते. येऊ द्यावे.

आता मुलांना विचारा, आवाज जास्त कुठे आहे? रवा जमला तिथे, असे बहुतेक जण सांगतात. खरे उलट आहे. कातडे जिथे जोरात वरखाली होते तिथून रवा उडवला जातो आणि जिथे ते जवळजवळ स्थिर असते तिथे साचतो. या निस्पंद रेषा. म्हणजे रव्याने काढलेले चित्र हालचालीचे नाही, ती जिथे नाही त्या जागांचे आहे. हा प्रश्न न विचारता नुसती आकृती दाखवली, तर पोरे टाळ्या वाजवतील आणि चुकीची समजूत घेऊन घरी जातील.

याच ठिकाणी अ‍ॅनिमेशन कामाला येते. सेकंदाला दोनशे कंपने डोळ्याला दिसत नाहीत. पडद्यावर तीच संथ करून दाखवली, की कड्याच्या आतला भाग वर जाताना बाहेरचा खाली जातो हे लगेच कळते. पण अ‍ॅनिमेशनमध्ये काढणाऱ्याला जेवढे माहीत असते तेवढेच दिसते. तिथले कडे कधी वाकडे येत नाही. म्हणून माझ्या मते आधी रवा, मग पडदा. शाळांमध्ये बहुधा उलटे चालते, आणि कित्येकदा रव्याची पाळी येतच नाही.

या आकृत्या प्रसिद्ध केल्या जर्मनीच्या अर्न्स्ट क्लाडनी यांनी. धातूच्या किंवा काचेच्या पातळ पत्र्यावर वाळू टाकून ते पत्र्याच्या कडेवर व्हायोलिनचा गज ओढत. १७८७ मध्ये त्यांचे पुस्तक आले आणि पुढे आपल्या पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीतल्या नाटक मंडळीसारखे ते गावोगाव प्रयोग करत हिंडले. १८०९ मध्ये पॅरिसला नेपोलियनने हा खेळ पाहिला. या आकृत्यांमागचे गणित सांगणाऱ्यासाठी बक्षीस जाहीर झाले. ते १८१६ मध्ये फ्रेंच गणितज्ञ सोफी जर्मेन यांना मिळाले, तिसऱ्या प्रयत्नात.

रव्याऐवजी टाल्कम पावडर घेतली, तर गंमत होते. अगदी बारीक पूड निस्पंद रेषांकडे न जाता नेमकी जास्त हलणाऱ्या जागी ढीग करते. काऊन? मायकल फॅरडे यांनी १८३१ मध्ये याचे उत्तर शोधले. हलणाऱ्या पृष्ठभागालगत हवेचे छोटे प्रवाह तयार होतात आणि हलकी पूड त्यांच्याबरोबर ओढली जाते. हवा काढून घेतल्यावर तीच पूड वाळूसारखी वागू लागली.

आपल्या वाद्यांवर हाच प्रयोग केला तो सी. व्ही. रमण यांनी. १९१० च्या सुमारास सरकारी हिशेब खात्याच्या नोकरीत ते नागपूरला होते. त्यांच्या नावाचे विज्ञान केंद्र आज त्या शहरात आहे. तबला-मृदंगावरचे त्यांचे काम मात्र नंतरचे, कलकत्त्याला सुरू झालेले. साध्या कातड्याचे वरचे सूर मूळ सुराच्या पूर्ण पटीत येत नाहीत. खंजिरीवरचे १.६ आणि २.३ हे आकडे त्यातलेच, म्हणून तिच्या थापेला पक्का सूर लागत नाही. तबल्याच्या मधोमध शाई, म्हणजे तो काळा गोल लेप, बसवली, की तिच्या वजनाने हे सूर सरकून दुप्पट, तिप्पट अशा पटींजवळ येतात. थाप मारताना बारीक वाळू टाकून रमण यांनी आकृत्या मिळवल्या आणि कंपनाच्या पहिल्या नऊ तऱ्हा मिळून पाचच सूर बनतात हे दाखवले. वाद्य घडवणाऱ्या कारागिरांनी हे कानाने कधीच साधले होते.

तबल्यावर करून पाहायचे, तर तबलजींना आधी विचारा आणि रवाच वापरा. शाईत बारीक भेगा असतात. त्यांत पावडर शिरली, की संध्याकाळच्या भजनाआधी ती कोणी काढायची यावरून मंडळात भांडण ठरलेले.