यादृच्छिक वाटप

प्रयोगात घेतलेल्या व्यक्ती, प्राणी, रोपे, शेताचे तुकडे किंवा शाळेचे वर्ग यांपैकी कोणाला कोणता उपचार मिळावा, हे संशोधकाच्या किंवा सहभागी व्यक्तीच्या मर्जीवर न सोडता चिठ्ठी, नाणे, फासे, पिसलेले पत्ते, यादृच्छिक अंकांची कोष्टके अथवा संगणक यांसारख्या साधनाने ठरवण्याची पद्धत. ‘उपचार’ हा शब्द येथे व्यापक अर्थाने घ्यावयाचा असून त्यात औषध, खत, अध्यापनाची रीत, पोषण आहार किंवा केवळ चाचणीचा क्रम यांचाही समावेश होतो. यादृच्छिक वाटप आणि यादृच्छिक नमुनानिवड यांची गल्लत वारंवार होते. समष्टीतून (ज्यांच्याविषयी निष्कर्ष काढायचा त्या संपूर्ण समूहातून) कोणाला निवडावे हा नमुनानिवडीचा प्रश्न आहे, तर निवडलेल्यांपैकी कोणाला काय द्यावे हा वाटपाचा. पहिल्यामुळे निष्कर्ष समष्टीला लागू करता येतो. दुसऱ्यामुळे दोन गटांत दिसलेल्या फरकाचे कारण उपचार आहे की नाही, हे सांगता येते.

या पद्धतीचे समर्थन दोन निरनिराळ्या कारणांनी केले जाते आणि तिच्या उगमाविषयीचा वाद समजून घ्यावयाचा तर ती दोन्ही कारणे वेगवेगळी ध्यानात ठेवावी लागतात. पहिले कारण गणिती आहे. वाटप यादृच्छिक असले की गटांमधील ज्ञात व अज्ञात वैशिष्ट्ये सरासरीने सारखी होतात. एखाद्या विशिष्ट प्रयोगात ती तंतोतंत सारखी होतील असे नाही, पण केवळ योगायोगाने किती तफावत पडू शकेल याचा हिशेब संभाव्यतेच्या नियमांनी मांडता येतो. इंग्लिश संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९३५ साली दिलेले चहाच्या पेल्यांचे उदाहरण यासाठी प्रसिद्ध आहे. आठ पेल्यांपैकी चारांत दूध आधी ओतले आहे आणि चारांत चहा. चव घेणाऱ्या व्यक्तीने दूध आधी ओतलेले चार पेले ओळखायचे आहेत. आठांतून चार पेले निवडण्याचे ७० प्रकार असल्यामुळे निव्वळ अंदाजाने चारही बरोबर येण्याची शक्यता ७० मध्ये १ असते. मात्र हा आकडा पेल्यांचा क्रम खरोखर यादृच्छिक असेल तरच खरा ठरतो, कारण क्रम माणसाने मनाने लावला असेल तर ओळखणाऱ्याला जिभेची गरज न लागता मांडणाऱ्याच्या सवयीवरूनही उत्तर साधू शकते. दुसरे कारण व्यावहारिक आहे : निकालाविषयी ज्याला आशा किंवा धास्ती आहे, त्याच्या हातून निर्णय काढून घेणे. प्रस्तुत नोंदीच्या मते या पद्धतीच्या प्रसाराचा इतिहास पहिल्यापेक्षा या दुसऱ्या कारणाने अधिक चांगला उलगडतो.

उगम : चिठ्ठ्या टाकून रुग्ण वाटण्याची सूचना सतराव्या शतकात सापडते. फ्लेमिश वैद्य यान बाप्टिस्ट व्हान हेल्मोंट यांच्या मृत्यूनंतर १६४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लॅटिन ग्रंथात प्रतिपक्षाच्या वैद्यांना एक आव्हान दिलेले आहे. रुग्णालयांतून व छावण्यांतून ज्वर इत्यादी विकारांचे दोनशे किंवा पाचशे गरीब रुग्ण घ्यावेत, त्यांचे दोन भाग करावेत आणि चिठ्ठी टाकून एक भाग त्यांच्याकडे व दुसरा प्रतिपक्षाकडे द्यावा. व्हान हेल्मोंट रक्तमोक्षण (शरीरातील रक्त काढणे) न करता उपचार करतील आणि शेवटी कोणाकडच्या अंत्ययात्रा किती निघाल्या, ते मोजावे. यावर ३०० फ्लोरिनची पैजही लावलेली आहे. हा प्रयोग प्रत्यक्षात झाल्याचा पुरावा नाही. शिवाय येथील चिठ्ठी ही दोन वैऱ्यांमधील तंट्यात कोणावर अन्याय होऊ नये म्हणून आलेली आहे, त्यामुळे तिला पूर्वसूचना म्हणणे युक्त. आरंभ म्हणणे अतिशयोक्त ठरेल.

ब्रिटिश नौदलातील वैद्य जेम्स लिंड यांनी १७४७ साली ‘सॉल्सबरी’ या जहाजावर स्कर्व्ही झालेल्या १२ खलाशांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपचार दिला. तुलनात्मक चाचणीचा आद्य नमुना म्हणून त्याचे महत्त्व मोठे आहे, परंतु यादृच्छिक वाटपाशी त्याचा संबंध जोडणे चुकीचे होय. सर्वांत खालावलेल्यांपैकी दोघांना समुद्राचे पाणी देण्यासाठी निवडल्याचे लिंड स्वतःच नोंदवतात. म्हणजे वाटप विचारपूर्वक आणि आजाराची तीव्रता पाहून झाले होते.

एकोणिसाव्या शतकात रुग्ण आलटून पालटून दोन गटांत घालण्याची प्रथा हळूहळू रूढ झाली. तिचे सर्वांत काळजीपूर्वक केलेले उदाहरण म्हणजे डॅनिश वैद्य योहानेस फिबिगर यांनी कोपनहेगन येथे मे १८९६ ते मे १८९७ या काळात केलेली आणि १८९८ मध्ये प्रसिद्ध झालेली घटसर्पाच्या प्रतिविष रक्तरसाची चाचणी. एका दिवशी दाखल झालेल्या रुग्णांना रक्तरस देण्यात आला, दुसऱ्या दिवशी आलेल्यांना नाही. रक्तरस मिळालेल्या २३९ रुग्णांपैकी ८ आणि न मिळालेल्या २४५ पैकी ३० दगावले. काही अभ्यासक याच चाचणीपासून आधुनिक पद्धतीची सुरुवात मानतात. या पद्धतीतील उणीव एकच, पण मूलभूत आहे : आज कोणता दिवस आहे हे दाखल करून घेणाऱ्याला माहीत असते, आणि रुग्णाला उद्या यावयास सांगणे त्याच्या हातात असते.

वाटपात खऱ्या अर्थाने यादृच्छिक साधन वापरणारा पहिला निश्चित प्रयोग मानसशास्त्रातील आहे, वैद्यकातील नव्हे. अमेरिकन तत्त्वज्ञ चार्ल्स सँडर्स पर्स आणि त्यांचे विद्यार्थी जोसेफ जास्ट्रो यांनी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात दाबाच्या संवेदनेवर केलेले काम १८८५ मध्ये छापले गेले. एका मर्यादेखालचा फरक मनाला जाणवतच नाही, ही गुस्टाफ फेख्नर यांची ‘संवेदनसीमे’ची कल्पना त्यांना तपासायची होती. बोटावरील दाब किंचित वाढेल की कमी होईल, हे पिसलेल्या पत्त्यांतून निघणाऱ्या पत्त्याच्या रंगावरून ठरे. पत्ता प्रयोग चालवणाऱ्याने काढायचा आणि मध्ये पडदा असल्याने दाब अनुभवणाऱ्याने केवळ उत्तर द्यायचे व त्या उत्तराची आपल्याला किती खात्री वाटते, तेही सांगायचे. काहीच खात्री नसतानाही उत्तरे निव्वळ अंदाजापेक्षा अधिक वेळा बरोबर येत असल्याचे त्यांना आढळले.

पर्स व जास्ट्रो यांचा अग्रक्रम संख्याशास्त्राच्या इतिहासकारांनी सामान्यतः मान्य केला असला, तरी त्यांच्यापासून विसाव्या शतकातील पद्धतीपर्यंत अखंड परंपरा आली काय, याबद्दल एकमत नाही. तत्त्वज्ञ इयन हॅकिंग यांनी १९८८ मध्ये असे प्रतिपादन केले, की यादृच्छिक साधनांचा वापर परचित्तज्ञानाच्या म्हणजेच टेलिपथीच्या प्रयोगांत वाढला, कारण तेथे लबाडीचा आणि अंदाजाने ओळखण्याचा संशय सर्वांत तीव्र होता. फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ शार्ल रिशे यांचे १८८४ मधील पत्त्यांचे प्रयोग त्यांनी पुढे केले. मानसशास्त्राच्या इतिहासाच्या अभ्यासक ट्रूडी देहू यांनी १९९७ मध्ये यावर महत्त्वाची दुरुस्ती सुचवली. एकाच व्यक्तीला द्यावयाच्या उद्दीपनांचा क्रम यादृच्छिक असणे ही एक गोष्ट आणि माणसांचे गट यादृच्छिक रीतीने पाडणे ही निराळी गोष्ट आहे. दुसरीची मुळे त्यांना शिक्षणशास्त्रात आणि शाळांच्या कार्यक्षमतेचे मोजमाप करण्याच्या प्रशासकीय गरजेत दिसतात. विल्यम मॅकॉल यांनी १९२३ साली शैक्षणिक प्रयोगांवरील पाठ्यपुस्तकात समतुल्य गट संयोगाच्या आधाराने पाडण्याची शिफारस स्पष्ट शब्दांत केली होती, ही बाब देहू यांच्या मताला पुष्टी देते. क्रम व गट हा भेद मान्य केला म्हणजे वादाची धार बरीच बोथट होते : क्रमाच्या बाबतीत मान पर्स व जास्ट्रो यांचा, गटांच्या बाबतीत शिक्षणशास्त्राचा, आणि या दोहोंना एकत्र बांधणाऱ्या उपपत्तीच्या बाबतीत फिशर यांचा.

फिशर १९१९ मध्ये रॉथमस्टेड येथील कृषि-प्रायोगिक केंद्रात रुजू झाले. शेताच्या एका टोकाकडून दुसऱ्याकडे जमिनीचा कस बदलत जातो आणि शेजारच्या तुकड्यांतील उत्पन्न एकमेकांसारखे असते, ही तेथील रोजची अडचण होती. १९२५ व १९२६ मधील लेखनात त्यांनी असे मांडले, की तुकड्यांवर खते यादृच्छिक रीतीने वाटली तरच प्रयोगातून काढलेला त्रुटीचा (म्हणजे योगायोगाने पडणाऱ्या तफावतीचा) अंदाज ग्राह्य ठरतो. ‘स्टुडंट’ या टोपणनावाने लिहिणारे विल्यम गॉसेट यांना हे पटले नाही. तुकडे समतोल राखून पद्धतशीर मांडल्यास अचूकता अधिक मिळते, असे ते अखेरपर्यंत म्हणत राहिले. अचूकतेपुरते गॉसेट यांचे म्हणणे पुष्कळदा खरे होते. परंतु ती अचूकता किती, हे त्याच प्रयोगावरून सांगण्याचा मार्ग त्यांच्या मांडणीत उरत नव्हता.

लॅनर्कशरचा दूधप्रयोग : वाटपात माणसाचा हात शिरला की काय होते, याचे सर्वांत बोधक उदाहरण गॉसेट यांनीच १९३१ मध्ये उघड केले. १९३० च्या फेब्रुवारी ते जून या काळात स्कॉटलंडमधील लॅनर्कशर परगण्यातील ६७ शाळांत सुमारे २०,००० मुलांवर दुधाच्या परिणामाचा प्रयोग झाला. निम्म्या मुलांना रोज पाऊण पाइंट दूध मिळाले, निम्म्यांना नाही. सुरुवातीची निवड काही शाळांत चिठ्ठ्यांनी आणि काही शाळांत आद्याक्षरांच्या क्रमाने झाली होती. परंतु एखाद्या गटात सुदृढ किंवा कुपोषित मुले जास्त आल्यास अदलाबदल करण्याची मुभा शिक्षकांना होती. शिक्षकांनी ती सद्भावनेने वापरली असावी, कारण प्रयोगाच्या आरंभीच दूध न मिळणारी मुले दूध मिळणाऱ्यांपेक्षा उंच आणि वजनदार होती. खंगलेल्या मुलांपुढे दूध ठेवण्याचा मोह कोणालाही व्हावा असाच होता. त्यात भर म्हणजे मुलांची वजने कपड्यांसह घेतलेली होती. सधन घरची मुले फेब्रुवारीत जाड कपडे आणि जूनमध्ये हलके कपडे घालत, तर गरीब मुलांना बदलायला फारसे काही नव्हते; त्यामुळे दूध न घेणाऱ्या गटाची वाढ कागदावर प्रत्यक्षापेक्षा कमी दिसली. इतका मोठा खटाटोप करण्याऐवजी एकसारख्या जुळ्यांच्या ५० जोड्या पुरल्या असत्या, असे गॉसेट यांनी सुचवले.

वैद्यकातील स्वीकार : १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या अ‍ॅम्बरसन व सहकाऱ्यांच्या चाचणीत क्षयरोगाच्या २४ रुग्णांचे परस्परांशी जुळणारे दोन गट करून, सोन्याचे संयुग असलेले सॅनोक्रायसिन कोणत्या गटाला द्यावे, हे एकाच नाणेफेकीने ठरवले गेले. प्रत्येक रुग्णाचे वाटप स्वतंत्रपणे यादृच्छिक करणारी आणि सर्वत्र आदर्श मानली गेलेली चाचणी म्हणजे ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन मंडळाची स्ट्रेप्टोमायसीन या क्षयरोगावरील प्रतिजैविकाची चाचणी; तिचा वृत्तांत ऑक्टोबर १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच मंडळाची डांग्या खोकल्याच्या लशीची यादृच्छिक चाचणी १९४६ मध्येच सुरू झाली होती, पण तिचे निष्कर्ष १९५१ मध्ये आले. स्ट्रेप्टोमायसीनचा पुरवठा अपुरा असल्यामुळे ते सर्वांना देणे शक्यच नव्हते, आणि म्हणून काहींना केवळ अंथरुणावरील विश्रांतीवर ठेवणे आयोजकांना समर्थनीय वाटले. संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी यादृच्छिक अंकांवरून वाटप आखून ते बंद लिफाफ्यांत ठेवले. लिफाफ्यावर फक्त रुग्णालयाचे नाव व क्रमांक असे, आणि रुग्ण चाचणीस पात्र ठरवून घेतल्यानंतरच तो उघडला जाई. सहा महिन्यांअखेर स्ट्रेप्टोमायसीन मिळालेल्या ५५ पैकी ४ आणि इतर ५२ पैकी १४ रुग्ण मरण पावले होते. विश्रांतीवर ठेवलेल्या रुग्णांना आपण चाचणीत आहोत हे सांगितले नव्हते, ही गोष्ट आजच्या संमतीच्या नियमांत बसणारी नाही.

हिल यांनी फिशर यांचा सिद्धांत वैद्यकात आणला, असे पूर्वी सरसकट लिहिले जाई. इयन चाल्मर्स यांच्या संशोधनानंतर हे मत मागे पडले आहे : आलटून पालटून वाटण्यात पुढचा गट आधीच कळतो आणि डॉक्टर त्यानुसार रुग्ण निवडतात, हीच हिल यांची मुख्य चिंता होती. पुढील अनुभवाने ती सार्थ ठरवली. केनेथ शुल्त्स व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये २५० चाचण्या तपासल्या, तेव्हा वाटपाची गुप्तता नीट न राखलेल्या चाचण्यांत उपचाराचा लाभ ऑड्स गुणोत्तराच्या (एखादी घटना घडणे व न घडणे यांच्या प्रमाणाची दोन गटांतील तुलना) मापाने सरासरी ४१ टक्क्यांनी फुगून दिसला. लिफाफे दिव्यासमोर धरून आतील मजकूर वाचल्याची उदाहरणेही त्यांनी नोंदवली आहेत. त्यामुळे मोठ्या चाचण्यांत हे काम आता दूरच्या केंद्राकडे सोपवले जाते.

प्रकार : साध्या वाटपात लहान गट विषम होण्याचा धोका असल्याने चार-चार किंवा सहा-सहांचे खंड पाडून प्रत्येक खंडात समान वाटप करतात, खंडाचा आकार सर्वांना ठाऊक असला तर त्यातील शेवटचे वाटप ओळखता येते, म्हणून तो मधूनमधून बदलतात. वय, तीव्रता इत्यादींनुसार आधी स्तर पाडण्याचीही रीत आहे. डोनल्ड टेव्ह्ज (१९७४) तसेच पोकॉक व सायमन (१९७५) यांनी सुचवलेल्या पद्धतीत प्रत्येक नवा रुग्ण गटांतील तफावत कमीत कमी राहील अशा गटात जातो. तिला यादृच्छिक म्हणावे की नाही, यावर दुमत आहे.

आक्षेप : पीटर अर्बाक, जॉन वॉरल आदी तत्त्वज्ञांच्या मते यादृच्छिक वाटपामुळे सर्व अज्ञात घटक समतोल होतात हा दावा तर्काला धरून नाही, कारण एका वाटपात कोणता तरी घटक विषम राहणारच. हा आक्षेप लोकप्रिय समजुतीला लागू पडतो. फिशर यांच्या मांडणीत मात्र समतोलाची हमी नसून तफावतीच्या मोजमापाची हमी आहे.

रोगप्रतिबंध व समाजविषयक क्षेत्रे : १९५४ मधील साल्क यांच्या पोलिओ लशीच्या अमेरिकी चाचणीत यादृच्छिक वाटप झालेल्या विभागांतील पोलिओचे प्रमाण दर लाखामागे लस घेतलेल्यांत २८ आणि निष्क्रिय द्रव टोचलेल्यांत ७१ असे आले. मद्रास (आताचे चेन्नई) येथे क्षयरोगाच्या १९३ रुग्णांचे घरी व आरोग्यधामात यादृच्छिक वाटप करून केलेल्या आणि १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत घरचे उपचार जवळजवळ तितकेच गुणकारी ठरले. आरोग्यधामांची सद्दी संपण्यास ती मोठ्या प्रमाणावर कारणीभूत झाली.

शिक्षणात सबंध वर्ग किंवा शाळा हा वाटपाचा एकक असेल तर विश्लेषणही त्याच एककाने व्हावयास हवे, हे एव्हरेट लिंडक्विस्ट यांनी १९४० मध्येच दाखवले होते. अमेरिकेच्या टेनेसी राज्यातील, वर्गातील विद्यार्थिसंख्येविषयीचा प्रयोग (१९८५–८९) ७९ शाळांत झाला आणि त्यात विद्यार्थी व शिक्षक १३ ते १७ मुलांच्या आणि २२ ते २५ मुलांच्या वर्गांत यादृच्छिकपणे वाटले गेले. मोठ्या वर्गांपैकी काहींना मदतनीस दिला होता. पहिल्या वर्षानंतर, काही अंशी पालकांच्या तक्रारींमुळे, मदतनीस असलेल्या आणि नसलेल्या मोठ्या वर्गांतील मुलांचे फेरवाटप करावे लागले आणि दर वर्षी काही मुले लहान व मोठ्या वर्गांमध्ये हलवली गेली. म्हणून नंतरच्या अर्थशास्त्रीय विश्लेषणात मूल प्रत्यक्ष कोणत्या वर्गात बसले हे न पाहता त्याला आरंभी कोणता वर्ग नेमून दिला होता, याचाही आधार घेण्यात आला.