सँडहॉग

न्यूयॉर्क शहराच्या पोटात बोगदे खणणाऱ्या मजुरांना बोलीभाषेत सँडहॉग म्हणतात. सँड म्हणजे वाळू आणि हॉग म्हणजे डुक्कर. वाळू उकरून चिखलाने माखलेल्या माणसाला शोभावे असे हे नाव ऐकायला शिवीसारखे आहे, पण ही मंडळी स्वतःची ओळख त्याच नावाने आणि बऱ्यापैकी ताठ्याने सांगतात. त्यांच्या कपडे बदलायच्या खोलीलाही ‘हॉग हाउस’ असेच नाव आहे.

ब्रुकलिन पुलाचा पाया खणला जात होता त्या काळात, म्हणजे १८७० च्या सुमारास, हे नाव रूढ झाले असे मानतात. पुलाचे दोन मनोरे ईस्ट नदीत उभे करायचे होते. त्यासाठी लाकडाच्या अवाढव्य, बिनबुडाच्या पेट्या नदीत उतरवल्या. या पेटीला केसाँ म्हणतात. पातेले उपडे धरून पाण्यात सरळ दाबले की आत हवा कोंडून राहते, तसाच हा प्रकार. पेटी खोल जाते तसा पाण्याचा रेटा वाढतो, म्हणून आत पंपाने सतत हवा दाबून भरावी लागते. त्या कोंडलेल्या हवेत मजूर नदीचा तळ उकरत. वर मनोऱ्याचे दगड चढत आणि त्यांच्या भाराने पेटी खाली खाली जाई. आत आवाज चिरका येई, शीळ घालता येत नसे आणि फुंकून विझवलेली मेणबत्ती आपोआप पुन्हा पेटे. सुरुवातीला रोजी २ डॉलर होती, पुढे सव्वादोन झाली.

खरा घात आत नव्हता, बाहेर येताना होता. दाबाच्या हवेतला नायट्रोजन रक्तात विरघळतो. माणूस घाईने मोकळ्या हवेत आला, की गोटी सोड्याची गोटी दाबल्यावर बाटलीत जे होते तेच त्याच्या अंगात होते. बुडबुडे सांध्यांत आणि मज्जारज्जूत अडकतात, माणूस वेदनेने वाकडा होतो, कधी लुळा पडतो, कधी दगावतो. या दुखण्याला ‘बेंड्स’ म्हणतात. न्यूयॉर्क बाजूच्या, म्हणजे मॅनहॅटनकडच्या पेटीत अशा शंभराहून अधिक केसेस झाल्या. मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग स्वतः १८७२ मध्ये या दुखण्याने अंथरुणाला खिळला आणि पुढचे काम त्याची पत्नी एमिली हिच्यामार्फत चालले. न्यूयॉर्क बाजूचे खोदकाम त्याने साडेअठ्ठ्याहत्तर फुटांवर थांबवले होते. तळाचा खडक गाठायचा तर आणखी किती जण जातील, हा हिशेब त्यामागे होता. तो मनोरा आजही वाळूवरच उभा आहे.

उपाय फारसा अवघड नव्हता, तो सुचायला मात्र वेळ लागला. दाब हळूहळू उतरवायचा आणि त्रास झालाच तर माणसाला पुन्हा दाबाखाली न्यायचे. हडसन नदीखालच्या बोगद्याच्या कामावर अर्नेस्ट मॉयर या अभियंत्याने १८९० च्या आसपास त्यासाठी एक हवाबंद खोली बसवली आणि मृत्यू झपाट्याने कमी झाले. त्याच बोगद्यात १८८० मध्ये एका दुर्घटनेत २० मजूर दगावले होते.

नदीखालच्या बोगद्याला आणखी एक भीती असे. छताच्या मातीला भोक पडले, की आतली दाबाची हवा त्या वाटेने सुसाट निघते आणि जवळ असलेल्याला ओढून नेते. १९१६ मध्ये ईस्ट नदीखाली मार्शल मेबी आणि त्याचे दोन सोबती असेच ओढले गेले. नदीतळाच्या गाळातून आणि मग सगळ्या पाण्यातून मेबी वर आला, तो कारंज्यावर उडावा तसा हवेत फेकला गेला. तो वाचला. सोबती वाचले नाहीत.

आजचा सँडहॉग बहुतेक वेळ खडकात असतो, वाळूत क्वचितच. सुरुंग आणि अलीकडे भलीमोठी बोगदायंत्रे ही त्याची हत्यारे. त्यांच्या कामगार संघटनेला ‘लोकल १४७’ म्हणतात. या धंद्यात आयरिश आणि वेस्ट इंडीजमधून आलेली घराणी पिढ्यान्‌पिढ्या आहेत; बाप निवृत्त व्हायच्या आत मुलगा खाली उतरलेला असतो. जनावराच्या नावाने ओळखले जाणारे खोदकरी आपल्याकडेही आहेत. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये उत्तराखंडातल्या सिलक्यारा बोगद्यात ४१ मजूर अडकले, यंत्र मोडले आणि शेवटचे काही मीटर हातांनी खणून त्यांना बाहेर काढले ते ‘रॅट मायनर’ मंडळींनी. त्यांच्यामागे मात्र लोकल १४७ सारखे काही नाही.

सँडहॉगांचे सर्वांत लांबलेले काम म्हणजे शहराचा तिसरा जलबोगदा. तो १९७० मध्ये सुरू झाला, काही ठिकाणी जमिनीखाली शेकडो फूट उतरला आणि त्यात २४ जणांचा बळी गेला. ‘मैलाला एक माणूस’ ही म्हण त्यांच्यात आहेच. मॅनहॅटनच्या टप्प्यातून २०१३ मध्ये पाणी वाहू लागले. पहिले दोन जलबोगदे १९१७ आणि १९३६ पासून अखंड वाहत आहेत. ते रिकामे करून आतून तपासायचे, तर आधी तिसरा पुरा व्हावा लागतो.