मल्टिसिगची फी: बिटकॉइनमध्ये तिजोरीतून, सेफमध्ये खिशातून

सोलापुरात दोन-तीन भागीदारांनी मिळून क्रिप्टो ठेवायचं ठरवलं की गाडी मल्टिसिगवर, म्हणजे एकाहून जास्त सह्या लागणाऱ्या वॉलेटवर, येते आणि लगेच कोणीतरी विचारतं, "तीन सह्यांचं वॉलेट म्हणजे तिप्पट फी ना?" नाही हो. आणि कोणतं मल्टिसिग, हे विचारल्याशिवाय फीबद्दल सल्ला देणाऱ्यांचं तर ऐकूच नका. बिटकॉइनचं मल्टिसिग आणि इथेरियमवरचं सेफ (ज्याला २०२२ पर्यंत ग्नोसिस सेफ म्हणायचे) बाहेरून सारखी दिसतात, पण फीच्या बाबतीत दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

तीनपैकी दोन सह्या म्हणजे काय, हे सांगत बसत नाही. मंडळाच्या बँक खात्यावर अध्यक्ष, सचिव, खजिनदार यांपैकी दोघांच्या सह्या लागतात, तोच प्रकार. एक्स्चेंजवरून पैसे काढताना कापली जाते ती फी एक्स्चेंजने ठरवलेली असते, तिचा इथे विषय नाही. रक्कम मोठी म्हणून नेटवर्कची फी जास्त, असंही दोन्हीकडे नसतं.

सह्यांचं ओझं आधी उरकून टाकू. बिटकॉइनमध्ये फी जागेची असते, दर व्हर्च्युअल बाइटला (व्यवहाराचा आकार मोजायचं माप) इतके सातोशी (बिटकॉइनचा सर्वांत छोटा भाग). सेगविट (सह्यांची जागा स्वस्तात मोजणारी नवी पद्धत) पत्त्यावरून साधा व्यवहार केला, म्हणजे एक नाणं (एका वेळी जमा झालेली रक्कम) आत आणि दोन वाटा बाहेर, एक घेणाऱ्याला आणि एक उरलेली परत आपल्याला, तर सुमारे १४० व्हर्च्युअल बाइट लागतात. तीनपैकी दोन सह्यांच्या सेगविट वॉलेटमधून तोच व्यवहार साधारण १९० मध्ये होतो. तिप्पट कुठे, दीडपटही नाही. जुन्या, सेगविट नसलेल्या पद्धतीत मात्र नुसत्या एका नाण्यामागेच सुमारे २९७ बाइट जातात. सेगविट ऑगस्ट २०१७ मध्ये आलं, तरी अजून त्या जुन्या पत्त्यांवर पैसे ठेवून "मल्टिसिग महाग" म्हणणारे भेटतात. खरा मार बसतो तो चिल्लर नाण्यांचा. दहा छोट्या रकमा वेगवेगळ्या आल्या असतील तर दहाही नाण्यांवर दोन-दोन सह्या होतात आणि आतल्या बाजूलाच हजारावर बाइट जातात. सेफमध्ये एकेक सही तपासायचा इथेरियमचा दर ३,००० गॅस आहे; गॅस म्हणजे तिथलं कामाचं माप, आणि त्याचे पैसे इथर या इथेरियमच्या चलनात द्यायचे. साधं इथर पाठवायलाच २१,००० लागतात, म्हणजे एक सही वाढल्याने आभाळ कोसळत नाही. सेफचा व्यवहार साध्यापेक्षा महाग पडतो तो मुख्यतः मागे अख्खा कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे इथेरियमवर ठेवलेला प्रोग्रॅम, चालतो म्हणून.

आता लोक खरोखर अडकतात तिथे येऊ: फी भरतं कोण?

समजा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना चालवणारे तिघे भागीदार आहेत. बिटकॉइनमध्ये त्यांना वेगळी फी अशी द्यावीच लागत नाही. आत आलेल्या नाण्यांतून बाहेर जाणाऱ्या रकमा वजा केल्यावर उरेल ती फी, म्हणजे ती सामाईक तिजोरीतूनच जाते. तिघांचा भार आपोआप वाटला गेला, हिशेब संपला.

सेफमध्ये तसं नाही. पहिल्या भागीदाराने सही केली, दुसऱ्याने केली, तोवर एक पैसा लागत नाही, कारण नेहमीच्या पद्धतीत या सह्या साखळीबाहेरच, म्हणजे ब्लॉकचेनवर न चढता, गोळा होतात. मग जो शेवटचं 'एक्झिक्यूट' दाबतो, त्याच्या स्वतःच्या खात्यातून इथर कापलं जातं. सेफमधून नाही, त्याच्या खिशातून. सेफमध्ये लाखोंचं युएसडीटी (डॉलरशी बांधलेलं क्रिप्टो) पडलंय आणि दाबणाऱ्याच्या खात्यात इथर शून्य, म्हणून व्यवहार पुढे सरकत नाही, हा प्रकार इतका नेहमीचा आहे की आता मी आधी तेच विचारतो. सेफमधूनच भरपाई घेण्याची किंवा तिसऱ्याकडून गॅस भरून घेण्याची सोय आहे, पण ती मुद्दाम लावावी लागते. आणि वर दाबणाऱ्याचा व्यवहार फसला तरी गॅस गेला तो गेलाच. बिटकॉइनमध्ये व्यवहार ब्लॉकमध्ये शिरलाच नाही तर फीही जात नाही.

याच फरकातून दुसरा गुंता निघतो, आणि तो फारसं कोणी सांगत नाही. फी कमी पडून व्यवहार रखडला तर? बिटकॉइनमध्ये फी वाढवायची म्हणजे बाहेर जाणारी रक्कम बदलते, व्यवहारच नवा होतो, आधीच्या सह्या बाद. दुसरा भागीदार तोवर हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला निघून गेला असेल आणि त्याचं हार्डवेअर वॉलेट (सही करायचं छोटं यंत्र) घरच्या कपाटात असेल, तर तो येईपर्यंत थांबा. म्हणून बिटकॉइन मल्टिसिगमध्ये पहिल्याच सहीच्या वेळी फी थोडी सढळ लावावी, या मताचा मी आहे. तिथे चार पैसे वाचवणं ही नसती हुशारी. सेफमध्ये भागीदारांच्या सह्या आतल्या आदेशावर असतात आणि गॅसचा दर बाहेरच्या पाकिटावर, त्यामुळे दाबणारा एकटाच दर वाढवून पुन्हा पाठवू शकतो.

बिटकॉइनचा सामाईक पत्ता बनवायला काही लागत नाही, नुसतं गणित आहे. सेफचा कॉन्ट्रॅक्ट साखळीवर चढवायला गॅस लागतो. आज नाही तर पहिल्या व्यवहाराच्या वेळी तो कोणीतरी भरतोच. सेफमध्ये रांगेत लागलेला व्यवहार पक्का रद्द करायचा तरी त्याच क्रमांकाचा रिकामा व्यवहार सह्या घेऊन चालवावा लागतो, आणि त्यालाही गॅस.

सेफ वापरणारच असाल तर किमान दोघांच्या खात्यात थोडं इथर ठेवा आणि कोणी किती गॅस भरला याचं वहीत वेगळं पान ठेवा, नाहीतर वर्षअखेरीस भांडण ठरलेलं. हा गॅस विक्रीच्या नफ्यातून वजा होईल, असं मात्र धरू नका: १ एप्रिल २०२२ पासूनचा ३० टक्के कर लावताना खरेदीची किंमत सोडून दुसरा खर्च धरला जात नाही.