उत्खननाला जायचंय? फॉर्म शोधू नका, आधी हे वाचा

गणपती झाले की दरवर्षी मला मेसेज यायला लागतात, ताई उत्खननाला जायचंय, फॉर्म कुठे मिळतो, शेवटची तारीख काय, आणि मी दरवर्षी तेच टाइप करते की बाबांनो असा फॉर्मच नसतो. म्हणजे कोर्सच्या अ‍ॅडमिशनचा असतो, पण "मला खोदायला घ्या" असा सरकारी पोर्टलवर भरायचा अर्ज निदान मला तरी आजवर दिसलेला नाही. तरी मुलं दरवर्षी साइटवर जातातच. कशी जातात ते एकदाच सविस्तर लिहून ठेवते, म्हणजे पुढच्या वर्षी नुसती लिंक पाठवता येईल.

आधी परवानगीचं गणित समजून घ्या, बाकीचं सगळं त्यावर चालतं. १९५८ चा प्राचीन स्मारकं आणि पुरातत्त्वीय स्थळांचा जो कायदा आहे आणि १९५९ चे त्याचे नियम, त्यानुसार उत्खननाचं लायसन्स भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण म्हणजे एएसआय देतं, राज्य सरकारच्या पुरातत्त्व खात्यालासुद्धा खोदायचं असेल तर केंद्राची मंजुरी लागते. हे लायसन्स एखाद्या संस्थेतल्या जबाबदार माणसाच्या नावावर निघतं, त्याला आपण डायरेक्टर म्हणतो, आणि ते ठरावीक साइटपुरतं, ठरावीक सीझनपुरतं असतं. सीझनचं वर्ष १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर धरतात, म्हणून जुन्या रिपोर्टांत १९६८-६९ असं जोडवर्ष दिसतं. विद्यार्थ्याला स्वतःला कसलंही लायसन्स काढायचं नसतं, त्याने फक्त लायसन्स असलेल्या टीमचा भाग व्हायचं असतं. तुमचा अर्ज म्हणजे त्या टीमच्या डायरेक्टरला किंवा त्यांच्या विभागप्रमुखांना लिहिलेलं पत्र, आणि सोबत जोडलेले कागद. बस.

आता टीममध्ये शिरायचे रस्ते. सगळ्यात सरळ म्हणजे ज्या विभागात पुरातत्त्व शिकवतात तिथे अ‍ॅडमिशन घेणं, कारण तिथे फील्डवर्क अभ्यासक्रमातच असतं आणि वेगळी विनवणी करावी लागत नाही. पुण्याचं डेक्कन कॉलेज सगळ्यांना माहीत आहे, पुरातत्त्वज्ञ ह. धी. संकलिया सरांपासूनची परंपरा, एमए-एमएस्सी पुरातत्त्व तिथे होतं आणि बीएला इतिहासच हवा असं काही नाही, सायन्सची मुलं भरपूर येतात. नागपूर विद्यापीठाचा प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती आणि पुरातत्त्व विभाग आहे, पवनार, माहुरझरी इथली उत्खननं ही त्यांची कामं, विदर्भातल्या मुलांनी पुण्याकडे डोळे लावून बसण्याआधी घरचं विद्यापीठ बघावं असं माझं स्पष्ट मत आहे. ज्यांना पूर्ण डिग्री करायची नाही, नोकरी चालू आहे, त्यांच्यासाठी मुंबई विद्यापीठाचं बहिःशाल शिक्षण केंद्र आहे, तिथले पुरातत्त्वाचे सर्टिफिकेट कोर्स बारावी झालेल्यांनाही करता येतात. उत्खननाची गॅरंटी तिथे नाही, पण फील्ड व्हिजिट होतात आणि मुख्य म्हणजे शिकवणारी माणसं ओळखीची होतात. या क्षेत्रात ओळख म्हणजे वशिला नव्हे हां, साइटवर जागा मोजक्या असतात, तंबू मोजके असतात, त्यामुळे ज्याला निदान खापर आणि विटेचा तुकडा यातला फरक कळतो त्याला आधी बोलावतात इतकंच.

दुसरा रस्ता बाहेरून जाण्याचा. तुम्ही इतिहास, भूगोल, भूशास्त्र, वनस्पतीशास्त्र, प्राणीशास्त्र, अगदी सिव्हिल इंजिनिअरिंगचे असाल तरी स्वयंसेवक किंवा इंटर्न म्हणून घेतात, डायरेक्टरने हो म्हटलं तर. इथे बऱ्याच जणांचा गैरसमज असतो की आपलं शिक्षण "रिलेटेड" नाही. अहो जळलेले धान्याचे दाणे पाण्यात तरंगवून वेगळे काढायचे असतात, हाडं ओळखायची असतात बैलाची की हरणाची, टोटल स्टेशन म्हणजे मोजणीचं यंत्र लावायचं असतं, ही कामं इतिहासवाल्यांपेक्षा तुम्हालाच बरी जमतील, तेव्हा पत्रात हे लिहा. आणि आता नवीन शैक्षणिक धोरणात एमएच्या पहिल्या वर्षी ऑन जॉब ट्रेनिंग किंवा फील्ड प्रोजेक्टचे क्रेडिट असतात, तुमच्या कॉलेजला विचारून ते यात बसतात का बघा, बसले तर कॉलेजच्या ठरलेल्या नमुन्यातलं पत्र आधीच घेऊन जा, नंतर मागे लागून मिळत नाही.

तिसरा रस्ता मोठा आहे, एमए झाल्यावरचा. एएसआयची स्वतःची संस्था आहे, पंडित दीनदयाळ उपाध्याय पुरातत्त्व संस्था, ग्रेटर नोएडाला. मुळात ही १९५९ मध्ये स्कूल ऑफ आर्किऑलॉजी म्हणून दिल्लीत सुरू झाली. त्याच्याही आधी १९४४ साली एएसआयचे तेव्हाचे महासंचालक मॉर्टिमर व्हीलर यांनी तक्षशिलेला सहा महिन्यांची शाळा भरवली होती, ६१ विद्यार्थी, आपल्याकडच्या फील्ड स्कूलची सुरुवात म्हणाल तर तीच. नोएडाचा दोन वर्षांचा पोस्ट ग्रॅज्युएट डिप्लोमा आहे, जागा फक्त १५, संपूर्ण देशातून, स्टायपेंड मिळतो. आजवरच्या जाहिरातींत एमएला किमान ५५ टक्के आणि वय २५ च्या आत अशी अट असायची, राखीव प्रवर्गांना सवलत, मग लेखी परीक्षा आणि तोंडी. वयाची अट नीट वाचा कारण एमए, नेट, मग एक गॅप असं करत करत मुलं २६ ची होतात आणि मग रडतात. विषयांत प्राचीन किंवा मध्ययुगीन भारतीय इतिहास, पुरातत्त्व, मानववंशशास्त्र, भूशास्त्र असे आहेत आणि अभिजात भाषाही आहेत. २०२० मध्ये जाहिरातीत संस्कृत, पाली, प्राकृत, अरबी, फारसी होती पण तमिळ नव्हती, त्यावरून तमिळनाडूतून ओरड झाली आणि तमिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळम, ओडिया घातल्या गेल्या. मराठीला अभिजात दर्जा मिळाला तो ऑक्टोबर २०२४ मध्ये, तेव्हा मराठीत एमए केलेल्यांनी चालू वर्षाच्या जाहिरातीतली भाषांची यादी शब्दन् शब्द वाचायची, मित्राने सांगितलं म्हणून फी भरायची नाही.

वेळेचं सांगते. खोदकाम साधारण दिवाळीनंतर चालू होतं आणि ऊन चढायच्या आत, मार्च-एप्रिलपर्यंत आवरतं, पावसाळ्यात ट्रेंचची, म्हणजे खोदायच्या आखीव खड्ड्याची, विहीर होते. त्यामुळे पत्र ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच जायला हवं. डिसेंबरमध्ये लिहिलंत तर तंबूंची वाटणी झालेली असते. लायसन्स कधीकधी उशिरा येतं, शेतकऱ्याचं पीक उभं असतं, त्याच्याशी नुकसानभरपाईचं बोलणं अडतं, म्हणून "पंधरा दिवसांनी कळवतो" असं उत्तर आलं तर ते टाळणं नसतं, खरंच त्यांनाही माहीत नसतं. ट्रेनचं तिकीट तोवर काढू नका.

कागदपत्रं. प्रत्येक ठिकाणी थोडं वेगळं मागतात, पण ही फाइल तयार ठेवली तर कुठेही अडत नाही: कॉलेजचं चालू वर्षाचं बोनाफाइड, विभागप्रमुखांचं शिफारसपत्र (लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह, आणि तारीख जुनी नको), मार्कशीटच्या झेरॉक्स, आधार, दोन-चार फोटो, एक पानी बायोडाटा. घरच्यांचं संमतीपत्र बरेच जण मागतात, वय १८ च्या वर असलं तरी, कारण साइट कुठेतरी आडगावात असते. डॉक्टरकडून फिटनेस सर्टिफिकेट आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊनच जा, गंजलेला खिळा आणि घाणेरडी करणी (गवंड्याची थापी असते तसलं खोदायचं हत्यार) रोज हातात येणार आहे. दमा असेल किंवा फिट येत असेल तर लपवू नका प्लीज, धूळ सकाळपासून संध्याकाळपर्यंत असते आणि जवळचा दवाखाना किती लांब ते नशिबावर. अ‍ॅडमिशनचा मार्ग घेणार असाल तर जातीचा दाखला, नॉन क्रिमीलेअर, डोमिसाइल, एबीसी आयडी हे नेहमीचं. नॉन क्रिमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपते हे आपल्याकडे दर वर्षी कोणीतरी विसरतंच, एका वर्षी ती मी होते.

बरेचदा एक हमीपत्रही लिहून घेतात, त्यावर लोक न वाचता सही करतात. त्यात दोन गोष्टी असतात: साइटवरची कुठलीही वस्तू स्वतःजवळ ठेवणार नाही आणि परवानगीशिवाय फोटो टाकणार नाही. पहिली गोष्ट नुसत्या शिस्तीची नाही, पुरावस्तूंसाठी १९७२ चा वेगळा कायदा आहे. "एक खापर तर घेतलं, हजारो पडलेत" असं वाटतं खरं, पण वस्तू कुठल्या थरात, कशाशेजारी होती त्यावर सगळा अर्थ असतो. पुणे जिल्ह्यातलं घोड नदीकाठचं इनामगाव घ्या, ताम्रपाषाणयुगातली शेतकऱ्यांची वस्ती, १९६८ ते १९८३ तिथे काम चाललं. तिथे मोठ्या माणसांना पुरताना पावलं तोडलेली दिसतात, आणि एका पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात मात्र चार पायांच्या मातीच्या रांजणात बसवलेला माणूस मिळाला, पावलं शाबूत. हा कोणीतरी मुखिया असावा हे त्या घरामुळे, त्या अंगणामुळे आणि न तोडलेल्या पावलांमुळे म्हणता आलं. कोणी तिथली दोन हाडं आठवण म्हणून उचलली असती तर? फोटोचं कारण आणखी साधं आहे, एक चमकणारा मणी स्टेटसला टाकला की रात्री गावात "सोनं निघालं" होतं आणि दुसऱ्या दिवशी ट्रेंचच्या कडा कोणीतरी उकरलेल्या असतात.

पत्र कसं लिहायचं, तर अर्ध्या पानाचं. "मला लहानपणापासून इतिहासाची आवड आहे आणि किल्ल्यांवर जातो" हे सगळेच लिहितात, ते खोडा. कोण आहात, काय शिकता, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत येऊ शकता (हे सगळ्यात महत्त्वाचं, चार दिवस येणारा माणूस कोणालाच नको असतो, निदान दोन-तीन आठवडे द्या), काय येतं, म्हणजे ड्रॉइंग, फोटोग्राफी, सर्व्हे, मोडी, जे असेल ते. खोटं लिहू नका, पहिल्याच दिवशी डम्पी लेव्हल, म्हणजे उंची-खोली मोजायची दुर्बीण, हातात देतात. आणि राहण्या-जेवणाचं स्पष्ट विचारा. कोर्समधल्या मुलांचं बहुतेक विभाग बघतो, बाहेरच्यांना मेसचे पैसे आणि प्रवास आपला असं असू शकतं, विचारण्यात लाज नाही.

तिथे गेल्यावर काय, तर पहिला आठवडा खापरं धुण्यात जातो. बादली, जुना टूथब्रश, पॉटरी यार्डात पसरलेला ढीग आणि प्रत्येक तुकड्यावर बारीक अक्षरात साइटचा कोड, ट्रेंच नंबर, थर नंबर. मी रडकुंडीला आले होते, कारण मला वाटलेलं करणी घेऊन सांगाडा काढायला बसवतील. पण दहा दिवसांनी जोर्वे संस्कृतीचं (ताम्रपाषाणयुगातली, जोर्वे गावावरून नाव पडलेली) लाल भांडं, काळ्या नक्षीचं, नुसतं बोटांनी ओळखायला लागले. मग ट्रेंच मिळतो, त्यातलं जड खोदकाम गावातली माणसं करतात, टिकाव कधी थांबवायचा हे त्यांना आपल्यापेक्षा आधी कळतं, त्यांना मामा-मावशी म्हणा आणि त्यांच्याकडून शिका. पांढरीची माती म्हणजे काय हे मला एका मावशींनीच दाखवलं, जुन्या वस्तीची ती राखाडी-पांढरट माती, ज्याची टेकाडं शेतात खत म्हणून नेऊन नेऊन अर्धी संपली. तुम्ही तिथे लेव्हल घेता, थरांच्या खुणा लावता, डायरी लिहिता, शेवटी सेक्शन ड्रॉइंग, म्हणजे ट्रेंचच्या कडेला दिसणाऱ्या थरांचं मापात काढलेलं चित्र. बाल्कवर म्हणजे दोन ट्रेंचच्या मधे न खोदता ठेवलेल्या मातीच्या भिंतीवर पाय देऊन उभं राहायचं नाही, ही एक चूक सगळे करतात आणि सगळे ओरडा खातात.

एक इशारा. हल्ली पैसे घेऊन "उत्खनन अनुभव" देणारे कॅम्प दिसतात. नुसता वाडा, लेणी, वीरगळ दाखवणारी सहल असेल तर छानच, जा. पण खरंच खोदणार असं म्हणत असतील तर दोन प्रश्न विचारा, लायसन्स कोणाच्या नावावर आहे आणि कोणत्या सीझनचं. उत्तर गुळमुळीत आलं तर पैसे भरू नका, कारण विनापरवाना खोदकामात पकडले गेलात तर तुम्ही विद्यार्थी होतात हे कोणी ऐकत नाही. आणि शेतात नांगरताना नाण्यांचा हंडा वगैरे तुम्हालाच सापडला तर १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे, दहा रुपयांच्या वर किमतीचं काही मिळालं की कलेक्टरला कळवायचं, दहा रुपये हो, रक्कम तेव्हापासून तीच.

निघायच्या आधी मात्र एक काम न विसरता करा, डायरेक्टरांकडून अनुभवाचं पत्र साइटवरच सही करून घ्या, त्यात साइटचं नाव, सीझन, तुमच्या तारखा आणि काय काम केलं हे चारही असू दे. पुढच्या सीझनच्या पत्राला हाच कागद पहिला जोडायचा असतो.